एकाआड एक रंगीत ओळ : कोष्टक वाचणाऱ्या डोळ्याचा इतिहास

१/ १८३१ साली इंग्लंडमध्ये एक विलक्षण ग्रंथ छापून तयार झाला. खंड एकवीस, प्रत मात्र एकच. त्यात वाचण्याजोगा मजकूर जवळजवळ नव्हता. लॉगरिथमच्या कोष्टकाची तीच ती दोन पाने १५१ निरनिराळ्या रंगांच्या कागदांवर पुन्हा पुन्हा छापलेली होती. छापवून घेणारे गृहस्थ होते गणितज्ञ चार्ल्स बॅबेज. आज बँकेच्या खातेउताऱ्यात किंवा संगणकाने काढलेल्या अहवालात एकाआड एक ओळ फिकट रंगाची दिसते. त्या साध्या सोयीमागे जो प्रश्न आहे, तोच बॅबेज यांच्या त्या रंगीबेरंगी खंडांमागे होता. हा धागा त्या प्रश्नाचा.

२/ कोष्टक विश्वासार्ह ठरण्यासाठी दोन गोष्टी लागतात. आकडा बरोबर असावा लागतो, आणि तो ज्याचा आहे त्याच्याच नावापुढे वाचला जावा लागतो. डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम आणि मध्ये वीतभर मोकळी जागा. ती जागा ओलांडताना नजर एक ओळ खाली घसरली, की शेजाऱ्याची रक्कम पदरात पडते. हा घसरलेला आकडाही कोष्टकात अचूकच छापलेला असतो. त्यामुळे या चुकीचा संशय कोणालाच येत नाही, आणि शोधू गेल्यास ती सापडतही नाही.

३/ ही अडचण कोष्टकाइतकीच जुनी आहे. प्राचीन इराकमधील, सुमारे ३८०० वर्षांपूर्वीची 'प्लिम्प्टन ३२२' नावाची मातीची पाटी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जपलेली आहे. तिच्यावर उभ्या रेघांनी पाडलेले चार रकाने आणि पंधरा ओळी आहेत. रकान्यांना शीर्षके आहेत, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीचा अनुक्रमांक कोरलेला आहे. गणितात त्या अनुक्रमांकाला काहीही काम नाही. त्याचे काम एवढेच, की वाचणाऱ्याला आपण कोणत्या ओळीवर आहोत हे कळावे.

४/ रंगाचा उपयोग पुढे आला, आणि तोही स्पष्ट कारण देऊन. चौथ्या शतकात युसेबिअस यांनी जगाच्या इतिहासाचा कालक्रम शेजारी शेजारी रकाने मांडून तयार केला. एका रकान्यात एका राज्याची वर्षे, दुसऱ्यात दुसऱ्याची. इसवी सन ३८० च्या सुमारास जेरोम यांनी तो लॅटिनमध्ये आणला. प्रस्तावनेत त्यांनी नकलनविसांना बजावले, की रंग आहेत तसेच ठेवा. राज्यांचे रकाने इतके जवळ आले होते की ते एकमेकांत मिसळण्याचा धोका होता. म्हणून ते शेंदरी रंगाने वेगळे केले होते.

५/ जेरोम यांची भीती खरी होती. ग्रंथाची नक्कल करणारा माणूस कंटाळतो, दुसरी शाई घेण्याचा त्रास वाचवतो आणि सगळे काळ्यातच उतरवून मोकळा होतो. अक्षर न् अक्षर जसेच्या तसे उतरते, पण कोणता राजा कोणत्या राज्याचा हे कळेनासे होते. रंग ही डोळ्यांना सुखावणारी नक्षी आहे असे कोणी मानू नये, हे त्यांना मुद्दाम सांगावे लागले. कोष्टकातील रंग हाही माहितीचाच भाग असतो, ही जाणीव सोळाशे वर्षांहून जुनी आहे.

६/ भारतातील व्यापाऱ्यांनी याच अडचणीवर रंगाविना तोड काढली. बहीच्या लांबट कागदावर रेघा आखत नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडत, आणि तेच सळ रकान्यांचे काम करीत. रोकडीच्या बहीत साधारणतः आठ सळ असत. डावीकडचे चार जमेचे, उजवीकडचे चार नावेचे. पहिल्या सळात रक्कम आणि तिला लागूनच पुढील सळांत तपशील. रक्कम आणि तिचे कारण शेजारीच असल्याने नजरेला मोठी उडी मारावीच लागत नसे.

७/ विज्ञानाच्या कोष्टकांना ही सोय नव्हती. १६१४ मध्ये जॉन नेपिअर यांनी लॉगरिथम प्रसिद्ध केले. हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये त्यांचे दहाच्या पायाचे मोठे कोष्टक काढले. १६२८ मध्ये आद्रियान व्लाक यांनी त्यातील पोकळी भरून १ ते १,००,००० पर्यंतच्या सर्व संख्यांचे लॉगरिथम पूर्ण केले. किचकट गुणाकार आता साध्या बेरजेवर आला. त्यासाठी द्यावी लागलेली किंमत म्हणजे पानामागून पाने दाटीवाटीने भरलेले, एकमेकांसारखेच दिसणारे आकडे.

८/ या आकड्यांवर माणसांचे प्राण अवलंबून असत. १७६७ पासून ब्रिटिश 'नॉटिकल अल्मनॅक' प्रसिद्ध होऊ लागले. भर समुद्रात जहाजाचे रेखांश काढताना खलाशी त्यातील चंद्राच्या स्थितीची कोष्टके उघडत आणि लॉगरिथमच्या मदतीने हिशेब करीत. डोलणाऱ्या जहाजावर, कंदिलाच्या उजेडात. कोष्टकातील न सापडलेल्या चुकीला खगोलज्ञ जॉन हर्शेल यांनी पाण्याखाली दडलेल्या, नकाशात नोंद नसलेल्या खडकाची उपमा दिली होती. ती अतिशयोक्ती नव्हती.

९/ चुका किती असत? १८३४ मध्ये डायोनिशिअस लार्डनर यांनी गणिती कोष्टकांचे कोणतेही चाळीस खंड घेतले. प्रकाशकांनी स्वतःच मान्य केलेल्या चुका त्यांत ३,७०० निघाल्या. हे लिखाण बॅबेज यांच्या गणनयंत्राच्या समर्थनार्थ होते. बॅबेज यांचे म्हणणे असे, की चूक तीन ठिकाणी शिरते : आकडेमोड करताना, नक्कल करताना आणि खिळे जुळवताना. यंत्राने स्वतःच गणित करून स्वतःच छपाईचा साचा तयार केला, तर या तिन्ही वाटा बंद होतील.

१०/ यंत्र पूर्ण झाले नाही. सरकारने १७,००० पौंडांहून अधिक खर्च करून १८४२ मध्ये त्याचा नाद सोडला. पण ते पूर्ण झाले असते, तरी चौथी वाट उघडीच राहिली असती. ती म्हणजे वाचणाऱ्याचा डोळा. बॅबेज यांना याची कल्पना होती. १८२७ मध्ये त्यांनी १ ते १,०८,००० पर्यंतच्या संख्यांचे लॉगरिथम छापले, तेव्हा आकडे तपासून घेण्याइतकेच कष्ट त्यांनी अक्षरांचा आकार, अंतर आणि मांडणी यांवर घेतले.

११/ १८३१ चे एकवीस खंड हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. १५१ रंगांचे कागद आणि दहा रंगांच्या शाया : फिकी व गडद निळी, फिकी व गडद हिरवी, ऑलिव्ह, पिवळी, फिकी व गडद तांबडी, जांभळी आणि काळी. प्रत्येक शाईला दोन खंड, म्हणजे वीस. एकविसाव्या खंडात सोनेरी, रुपेरी अशी धातूंच्या रंगांतील छपाई. डोळ्यांना सर्वांत कमी थकवणारी जोडी कोणती, हे प्रत्यक्ष प्रयोगाने ठरवण्याचा उद्देश होता.

१२/ वाचनसुलभता ही आवडीनिवडीची बाब न मानता मोजून पाहण्याची बाब मानणारा हा फार आधीचा प्रयत्न. त्याची मर्यादाही ध्यानात घेण्याजोगी आहे. संपूर्ण पान एकाच रंगाचे असल्याने डोळा कमी थकेल, पण तो कोणत्या ओळीवर आहे हे पान सांगणार नाही. ते काम त्या काळचे मुद्रक मोकळ्या जागेकडून करून घेत. दर पाच किंवा दहा ओळींनंतर थोडे अंतर सोडायचे किंवा बारीक रेघ द्यायची. पाचांच्या गठ्ठ्यात दुसरी, तिसरी, चौथी ओळ नजर न मोजताच ओळखते.

१३/ मराठीतही अशी कोष्टके निर्माण झाली. १८६० मध्ये पुण्याचे गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' सिद्ध केली. पंचांगकर्त्याला ग्रहाचे एक स्थान काढण्यासाठी एका कोष्टकातील अंक घेऊन त्याला दुसऱ्यातील संस्कार द्यावा लागतो, मग तिसऱ्यातील. प्रत्येक पायरीवर एक ओळ हुकण्याची शक्यता. बेरीज कितीही चोख केली, तरी चुकीच्या ओळीतून उचललेला अंक उत्तरात शेवटपर्यंत राहतो.

१४/ डोळा घसरतो तरी का? १८७० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचनाचे निरीक्षण केले. नजर ओळीवरून संथपणे वाहत नाही, ती थांबत थांबत छोट्या उड्या मारते, असे त्यांना दिसले. सलग मजकुरात पुढचा शब्द नजरेला आधार देतो. कोष्टकात दोन रकान्यांमधील कोरा पट्टा असा कोणताच आधार देत नाही. उडी थोडी तिरपी पडली की ओळ बदललीच. म्हणून हिशेबनीस बोट ठेवून वाचतो, फूटपट्टी सरकवतो.

१५/ पुढचे वळण यंत्रांनी आणले. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची पंचकार्डे वापरली गेली. त्या यंत्राच्या तबकड्यांवरील आकडे माणसालाच पाहून लिहून घ्यावे लागत. विसाव्या शतकात यंत्रे स्वतःच छापू लागली. १९४९ चे आयबीएम ४०७ हे हिशेबयंत्र मिनिटाला १५० ओळी छापत असे. बोट ठेवून वाचणाऱ्या कारकुनापुढे आता त्याच्या वेगाच्या कितीतरी पट कागद येऊन पडू लागला.

१६/ ऑक्टोबर १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ हा संगणक आणि त्यासोबत १४०३ हा प्रिंटर जाहीर केला. मिनिटाला ६०० ओळी, आणि एका ओळीत १३२ अक्षरे. इंचाला दहा अक्षरे धरली तर ही ओळ तेरा इंचांहून लांब भरते. पुस्तकातील ओळीच्या तिप्पट लांबीचा हा प्रवास, तोही बहुतांशी कोऱ्या जागेतून. चौथ्या शतकात रकान्यांच्या दाटीची भीती होती. आता त्यांच्यातील अंतराची होती.

१७/ उत्तर कागदावरच छापून आले. प्रिंटर एकाच रंगाच्या रिबनने छापत असल्याने तो पट्टे काढू शकत नव्हता. त्यामुळे कागदाच्या कारखान्यातूनच फिकट हिरव्या आडव्या पट्ट्यांचा कागद येऊ लागला. सुमारे पंधरा इंच रुंद, अकरा इंच उंच, दोन्ही कडांना भोके आणि अखंड घड्यांचा गठ्ठा. इंग्रजीत त्याला ग्रीनबार म्हणत. बँका, विमा कंपन्या, विद्यापीठे यांची कपाटे पुढील काही दशके या हिरव्या पट्ट्यांनी भरून गेली.

१८/ पट्ट्याचे माप विचारपूर्वक होते. पट्टा अर्ध्या इंचाचा. इंचाला सहा ओळी छापल्या तर एका पट्ट्यात तीन ओळी बसत : वरची, मधली, खालची. नजर प्रत्येक ओळीला वेगळी ओळख देऊ शके. पण कागदाला आकड्यांचे ज्ञान नव्हते. एका खातेदाराच्या तीन ओळी पट्ट्यात नेमक्या बसल्या तर उत्तम; गठ्ठा बसवताना थोडा सरकला, तर पट्ट्याची कड नेमकी ओळीच्या मधोमध येई आणि मदत करणारा पट्टाच गोंधळात टाकी.

१९/ हा इतिहास मुंबईपासून दूर नव्हता. १९६१ मध्ये एसो या तेल कंपनीच्या मुंबईतील कार्यालयात आयबीएम १४०१ बसवला गेला. व्यापारी कामासाठी भारतात आलेल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी हा एक. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली, पण कडांना भोके असलेला अखंड कागद राहिला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर आणि 'कंटिन्युअस स्टेशनरी'चे गठ्ठे मराठी कार्यालयांतील एका संपूर्ण पिढीच्या आठवणीत आहेत.

२०/ दरम्यान माहिती साठवण्याची रीतच बदलली. १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले : सारी माहिती कोष्टकांत, पण ओळींच्या क्रमाला काहीही अर्थ नाही. आजचे बहुतेक डेटाबेस याच तत्त्वावर चालतात. याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. डेटाबेसमध्ये 'सम ओळ' किंवा 'विषम ओळ' असे काही नसतेच. क्रम लावून अहवाल काढला, की मगच ओळीला स्थान मिळते आणि स्थान मिळाले की रंग. पट्टा माहितीचा नसतो, तो वाचनाचा असतो.

२१/ म्हणून पट्टे काढण्याचे काम अहवाल तयार करणाऱ्या प्रोग्रामकडे आले. युक्ती शाळेतल्या गणिताची : ओळीच्या क्रमांकाला दोनने भागावे, बाकी शून्य उरली तर एक रंग, एक उरली तर दुसरा. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक ओळ छापली जाण्यापूर्वी रंग उलटा करणारा छोटा कोड स्वतः लिहावा लागे. २००७ च्या आवृत्तीत 'ऑल्टरनेट बॅक कलर' हा गुणधर्म आला आणि ते काम एका निवडीवर आले.

२२/ वेबवरही तीच वाट. आधी प्रत्येक ओळीला सम-विषम अशी खूण प्रोग्रामने लावावी लागे. २०११ मध्ये मान्यता मिळालेल्या सीएसएस सिलेक्टर्सच्या तिसऱ्या पातळीतील 'एनटीएच-चाइल्ड'ने ते एका वाक्यात होऊ लागले. जुना सापळा मात्र नव्या रूपात उरला. एक्सेलमध्ये ओळीच्या क्रमांकावरून सूत्राने रंग दिला आणि मग फिल्टर लावून काही ओळी लपवल्या, तर एकाच रंगाच्या दोन ओळी शेजारी येतात. सरकलेल्या हिरव्या कागदाचाच हा वारसा.

२३/ ओळ चुकण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे ७ नोव्हेंबर २००० रोजी दिसले. फ्लोरिडातील पाम बीच काउंटीच्या अध्यक्षीय मतपत्रिकेत उमेदवारांची नावे डाव्या-उजव्या दोन्ही पानांवर होती आणि भोके मधल्या एकाच स्तंभात. डावीकडे अल गोर यांचे नाव दुसरे, पण त्यांचे भोक तिसरे. दुसरे भोक उजव्या पानावरील पॅट ब्यूकॅनन यांचे. नावावरून भोकाकडे जाताना अनेकांची नजर एक ओळ चुकली.

२४/ त्या काउंटीत ब्यूकॅनन यांना सुमारे ३,४०० मते पडली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या राज्यशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की डेमोक्रॅटिक पक्षाच्या २,००० हून अधिक मतदारांनी चुकून त्यांना मत दिले. फ्लोरिडाचा, आणि त्यायोगे अध्यक्षपदाचा, निकाल ५३७ मतांनी लागला. मतपत्रिकेवरील प्रत्येक नाव बरोबर होते, प्रत्येक भोक आपल्या जागी होते. नाव आणि भोक यांना जोडणारी वाट तेवढी नीट आखलेली नव्हती.

२५/ मग पट्टे रंगवले की काम झाले का? माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ मध्येच माहिती न देणारी शाई कमी करण्याचा आग्रह धरला होता. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील जेसिका एन्डर्स यांनी पट्टेदार आणि साधी कोष्टके लोकांना वाचायला देऊन तुलना केली. पट्ट्यांमुळे वेग आणि अचूकता खूप वाढते असे त्यांना आढळले नाही. पट्टे बहुधा उपयोगी पडले किंवा निदान आड आले नाहीत. पसंती मात्र लोकांनी एकाच फिकट रंगाच्या पट्ट्यांना दिली.

२६/ या निष्कर्षात निराश होण्यासारखे काही नाही. दोन-तीन रकान्यांच्या छोट्या कोष्टकात नजर मुळातच घसरत नाही. तिथे पट्टा ही केवळ सजावट. रकाने वाढले, मधली अंतरे रुंदावली, ओळी शेकड्यांनी झाल्या, की पट्ट्याचे मोल वाढते. रंग इतका फिकट हवा, की अक्षर ठळक राहील. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील तफावत किमान ४.५ : १ सांगितली आहे. कृष्णधवल छपाईतही छटेतील फरक दिसायला हवा. आणि पडद्यावरचा मजकूर ऐकून वाचणाऱ्या अंध व्यक्तीला पट्ट्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी रकान्यांची शीर्षके नीट नोंदवलेली हवीत.

२७/ बाबिलोनी लेखनिकाचा अनुक्रमांक, जेरोम यांचा शेंदूर, बहीचे सळ, मुद्रकाने सोडलेले अंतर, हिरवा कागद आणि दोनने भागून उरलेली बाकी : साधने बदलत गेली, काम एकच राहिले. बॅबेज यांनी मांडलेल्या तीन वाटा आज संगणकाने जवळजवळ बंद केल्या आहेत. चौथी वाट प्रत्येक वाचकासोबत नव्याने उघडते. म्हणून अहवाल तयार करणाऱ्याचे काम शेवटचा आकडा अचूक आला म्हणजे संपत नाही. तो आकडा योग्य नावापुढे वाचला गेला, म्हणजे संपते.